चूक लवकर दाखवणारी कोडी

सुडोकूपासून सुरुवात करणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. चाळीसएक आकडे भरून झालेले असतात, दहा-पंधरा रकाने उरलेले असतात आणि एका ओळीत दोन सात शेजारी शेजारी येऊन बसतात. चूक शेवटच्या आकड्यात शोधून उपयोग नसतो. वीस आकड्यांपूर्वी कधीतरी 'इथे सातच असणार' असं वाटून गेलं, तेव्हाच ती झालेली असते आणि पुढचा प्रत्येक आकडा तिच्यावर रचलेला असतो. मागे जायला वाट नसते. सगळं खोडायचं, नाहीतर पान उलटायचं. बहुतेक जण पान उलटतात आणि 'आपलं डोकं यात चालत नाही' असा निकाल स्वतःच देऊन मोकळे होतात.

डोक्याला दोष देण्याचं कारण नाही. पहिलं कोडंच चुकीचं निवडलेलं असतं. नवशिक्याला कोडं देताना ते सोपं आहे का, हे सगळे बघतात. त्यात केलेली चूक किती लवकर उघडी पडते, हे सहसा कोणी बघत नाही. दोन-चार घरांतच चूक समोर आली तर माणूस आपण काय गृहीत धरलं होतं ते आठवू शकतो आणि त्यातून शिकतो. शेवटी समजली तर नुसती चिडचिड होते. ही कसोटी लावली की कोड्यांचा क्रम बराच बदलतो आणि सुडोकू पहिल्या पायरीवरून तिसऱ्यावर जातं.

पहिल्या पायरीवर मी टाकुझू ठेवीन. बायनरी किंवा बिनाइरो या नावांनीही ते छापलं जातं. लिंक्डइनवर २०२४ पासून रोज येणारा सूर्य-चंद्रांचा टँगो हा याच घराण्यातला. ६ × ६ ची चौकट, प्रत्येक घरात ० किंवा १. नियम तीन. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत तीन शून्यं आणि तीन एक हवेत. एकच आकडा सलग तीनदा येता कामा नये. कोणत्याही दोन आडव्या ओळी तंतोतंत सारख्या नकोत, उभ्याही नकोत. (टँगोत हा तिसरा नियम नसतो. त्याऐवजी दोन घरांमध्ये 'सारखे' आणि 'वेगळे' सांगणाऱ्या खुणा असतात.)

यातल्या पहिल्या दोन चाली पाच मिनिटांत शिकता येतात. शेजारी शेजारी दोन १ दिसले की त्यांच्या दोन्ही टोकांना ०. दोन १ च्या मध्ये एक घर रिकामं असेल तर त्यातही ०. तिसरी चाल मोजणीची: ओळीत तीन १ झाले की उरलेल्या सगळ्या घरांत ०. या तीन चालींवर ६ × ६ ची बरीचशी कोडी सुटतात.

खरी गंमत मात्र मोजणी आणि सलगपणा एकत्र येतात तिथे आहे. समजा एक ओळ अशी आहे: १ _ _ _ ० १. दोन १ झाले, एक ० झालं, म्हणजे मधल्या तीन घरांत एकच १ आणि दोन ० बसणार. तो १ दुसऱ्या घरात ठेवून बघा. तिसऱ्या आणि चौथ्या घरात ० येतात, पाचव्यात ० आहेच, म्हणजे सलग तीन शून्यं. तेव्हा दुसऱ्या घरात ० नक्की. तिसऱ्या-चौथ्याचं अजून काही सांगता येत नाही, आणि तिथे थांबणं हाच शिकण्याचा भाग आहे. नवशिक्या इथे ओळ 'पुरी करून टाकतो', कारण अर्धवट सोडलेली ओळ त्याच्या डोळ्यांत खुपते.

सारख्या ओळींचा नियम शेवटी कामी येतो. एक ओळ ० १ ० १ १ ० अशी पूर्ण झाली आहे आणि दुसरी ० १ _ _ १ ० इथे अडली आहे. मधल्या दोन घरांत एक ० आणि एक १ जाणार. ० १ भरलं तर वरच्याच ओळीची नक्कल होते, म्हणून १ ०.

टाकुझूत होणारी नेहमीची चूक म्हणजे आडवं पाहताना उभं विसरणं. त्यावर उपाय यांत्रिक आहे आणि तो लगेच अंगवळणी पडतो. एक आकडा लिहिला की त्याच्या चारही बाजूंना दोन-दोन घरं तपासायची. नवी जोडी किंवा नवी फट त्या आठ घरांतच तयार होऊ शकते. मग त्या ओळीतले आणि स्तंभातले आकडे मोजायचे. एवढं केलं की चूक झालीच तरी ती दोन-तीन घरांत सलग तीन आकडे होऊन समोर येते.

दुसरी पायरी नोनोग्रामची, म्हणजे आकड्यांवरून घरं काळी करत चित्र काढायचं कोडं. १९८०च्या दशकात जपानमध्ये नॉन इशिदा आणि तेत्सुया निशिओ यांनी ते स्वतंत्रपणे तयार केलं आणि १९९० मध्ये लंडनच्या 'संडे टेलिग्राफ'मुळे ते इंग्लंडमध्ये पोहोचलं. प्रत्येक ओळीशेजारी आकडे असतात. '४ ३' याचा अर्थ या ओळीत आधी सलग चार काळी घरं, मग निदान एक पांढरं, मग सलग तीन काळी. पांढरी किती आणि कुठे, ते आपण शोधायचं.

इथे एकच सूत्र पाठ करावं. आकड्यांची बेरीज करा, दोन गटांमधल्या सक्तीच्या फटी त्यात मिळवा आणि ते ओळीच्या लांबीतून वजा करा. जे उरेल ती मोकळीक. प्रत्येक गटातून ही मोकळीक वजा केली की त्या गटातली किती घरं आत्ताच नक्की काळी करता येतील ते कळतं. दहा घरांच्या ओळीत नुसता ७ असेल तर मोकळीक ३, म्हणून चार घरं नक्की, ती म्हणजे चौथं ते सातवं. '४ ३' साठी ४ + १ + ३ = ८, मोकळीक २. चारच्या गटाची दोन घरं नक्की: तिसरं आणि चौथं. तीनच्या गटाचं एक: आठवं. '५ ४' असेल तर मोकळीक शून्य, आख्खी ओळ भरून टाका. सुरुवात नेहमी कमी मोकळीक असलेल्या ओळींपासून करायची. वरच्या ओळीपासून क्रमाने खाली येण्यात काही हशील नाही.

आता यातला सापळा. '४ ३' डावीकडे दाबून बसवलं तर पहिलं ते चौथं आणि सहावं ते आठवं घर काळं होतं. उजवीकडे दाबलं तर तिसरं ते सहावं आणि आठवं ते दहावं. सहावं घर दोन्हींत काळं आहे. म्हणून ते नक्की? अजिबात नाही. डावीकडे दाबलं तेव्हा ते तीनच्या गटात होतं, उजवीकडे दाबलं तेव्हा चारच्या. मधल्या मांडणीत, म्हणजे दुसरं ते पाचवं आणि सातवं ते नववं अशी बसवली तर, सहावं घर पांढरं राहतं. घर त्याच गटाचं असेल तरच ते नक्की. नोनोग्राम बिघडवण्यात या चुकीचा वाटा फार मोठा आहे आणि शिकवताना ती नेमकी सांगायची राहून जाते.

पांढऱ्या घरात फुली किंवा ठिपका टाकायचा कंटाळा करू नये. निम्मं कोडं फुल्यांवर सुटतं, कारण उभ्या ओळीत आलेली फुली आडव्या ओळीतली जागा कापते. आणि चित्र ओळखू यायला लागलं म्हणून ते 'पुरं' करायचा मोह टाळावा. कोडं रचणारे लोक खट्याळ असतात. मांजराचा एक डोळा मुद्दाम मिटलेला असू शकतो.

मग सुडोकू. आजचं सुडोकू १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेल मासिकांत 'नंबर प्लेस' या नावाने पहिल्यांदा छापून आलं. ते हॉवर्ड गार्न्स या वास्तुरचनाकाराने रचलं होतं, असं मानलं जातं. १९८४ मध्ये ते जपानच्या निकोली या प्रकाशनाकडे गेलं, तिथे माकी काजी यांनी त्याचं बारसं केलं आणि निकोलीने त्याला एक शिस्त लावली: दिलेले आकडे ३२ पेक्षा जास्त नकोत आणि त्यांची मांडणी सममित हवी. हाँगकाँगमधून निवृत्त झालेले न्यायाधीश वेन गूल्ड यांनी कोडी तयार करणारा संगणकीय प्रोग्राम लिहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने ती छापायला सुरुवात केली. वर्षभरात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही रोजचा चौकोन आला.

सुरुवातीला ९ × ९ घेऊच नये. ४ × ४ अगदीच लुटुपुटीचं होतं. ६ × ६ योग्य, त्यात २ × ३ चे सहा डबे, म्हणजे जाड रेषांनी आखलेले घरांचे गट असतात, आणि प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि डब्यात १ ते ६ एकेकदाच येतात. तिथून ९ × ९ वर आलं की फक्त पसारा वाढतो, विचार तोच राहतो. पहिली चाल छाटणीची. दिलेल्यांपैकी सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा घ्या. समजा ७ पाचदा आला आहे. ज्या डब्यात ७ नाही तो घ्या, त्यातून जाणाऱ्या ज्या ओळींत आणि स्तंभांत ७ आहे त्या मनातल्या मनात पुसून टाका. डब्यात एकच घर उरलं तर ७ तिथे. मग पुढचा आकडा. नवशिक्या उलट करतो: एक रिकामं घर धरतो आणि 'इथे काय काय बसेल' असं विचारतो. त्याने नऊ आकडे तपासावे लागतात आणि पदरात बहुधा काही पडत नाही. 'हा आकडा कुठे बसेल' हा प्रश्न 'या घरात काय बसेल' यापेक्षा सुरुवातीला खूप स्वस्त पडतो.

बारीक पेन्सिलच्या खुणांबद्दल दोन टोकं दिसतात. काहींना त्या कमीपणाच्या वाटतात. काही जण प्रत्येक घरात पाच-पाच आकडे भरून चौकटीची चाळण करतात. मधला मार्ग तीनदा जगज्जेता झालेल्या थॉमस स्नायडर यांच्या नावाने ओळखला जातो: एखादा आकडा एका डब्यात दोनच घरांत बसू शकत असेल तरच त्या दोन घरांत बारीक लिहायचा, एरवी नाही. कागद स्वच्छ राहतो आणि प्रत्येक खूण काहीतरी पक्कं सांगते. ती दोन घरं एकाच आडव्या ओळीत असतील तर त्या ओळीतल्या बाकीच्या डब्यांत तो आकडा येऊ शकत नाही. मध्यम पातळीची बरीच कोडी एवढ्यावर उलगडतात.

दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं अवघड, हा समज सोडून द्यावा. उत्तर एकच यायचं तर निदान १७ आकडे द्यावेच लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर पडताळून दाखवलं. पण २४ आकड्यांचं एखादं कोडं नुसत्या छाटणीने सुटतं आणि ३० आकड्यांचं रडवतं. अवघडपणा कोणती चाल लागते यावर ठरतो.

ज्यांना गणिताची थोडी खाज आहे त्यांनी ४ × ४ चं केनकेन करून पाहावं. जपानी गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ मध्ये ते वर्गासाठी तयार केलं. प्रत्येक ओळीत आणि स्तंभात १ ते ४ एकेकदा, आणि जाड रेषेने बांधलेल्या घरांतल्या आकड्यांची बेरीज किंवा गुणाकार वगैरे दिलेलं. दोन घरांत '७+' म्हणजे ३ आणि ४, '३−' म्हणजे १ आणि ४, '३÷' म्हणजे १ आणि ३. '२÷' मात्र फसवं, १-२ किंवा २-४. ओळीची बेरीज नेहमी १० आणि गुणाकार नेहमी २४ हे लक्षात ठेवलं की बरंच सोपं जातं. एकच खोड: एका बांधलेल्या गटात आकडा पुन्हा येऊ शकत नाही असं लोक धरून चालतात. काटकोनात वळलेल्या तीन घरांच्या गटात टोकाची दोन घरं एका ओळीत नसतात, त्यामुळे '४×' साठी कोपऱ्यात १ आणि दोन्ही टोकांना २ चालतात.

आता शब्दांची कोडी. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाची यांच्याशी ओळख बहुधा शिष्यवृत्ती परीक्षेतल्या बुद्धिमत्ता चाचणीत होते, मग पुढे स्पर्धा परीक्षांत 'बैठक व्यवस्था' म्हणून पुन्हा गाठ पडते. घड्याळ लावून शिकल्यामुळे अनेकांना ती कायमची नकोशी होतात. खरं तर तक्ता काढून निवांत सोडवली तर यांच्यासारखी शिस्तीची कोडी नाहीत.

एक छोटं घेऊ. सुमन, वासंती आणि नलू. एक सातारची, एक सावंतवाडीची, एक पुण्याची. तिघींनी तीन वेगळे मसाले घेतले: गोडा, कांदा-लसूण, मालवणी. सूत्रं तीन. पुण्याच्या बाईने मालवणी मसाला घेतला. गोडा मसाला वासंतीने घेतला. सुमन सातारची नाही आणि तिने मालवणी मसाला घेतला नाही.

तक्त्यात नऊ-नऊ घरांचे तीन चौकोन येतात: नाव-गाव, नाव-मसाला, गाव-मसाला. 'हो' असेल तिथे बरोबरची खूण, आणि त्याच क्षणी त्या चौकोनातल्या त्याच ओळीत आणि स्तंभात फुल्या. हे सगळे करतात. राहून जाते ती पुढची पायरी, म्हणजे एका चौकोनातली माहिती दुसऱ्यात नेणं. पुणे आणि मालवणी एकच आहेत. सुमनकडे मालवणी नाही, म्हणून सुमन पुण्याची नाही. हे वाक्य कुठल्याही सूत्रात लिहिलेलं नाही, ते तक्त्यातून ओढून काढावं लागतं. सातारची नाही हे आधीच माहीत आहे, म्हणजे सुमन सावंतवाडीची. गोडा वासंतीकडे, मालवणी पुण्याकडे, तेव्हा सुमनला कांदा-लसूण. वासंतीकडे गोडा आहे, म्हणजे तीही पुण्याची नाही, सातारची. उरली नलू: पुणे आणि मालवणी.

सावंतवाडीच्या बाईने मालवणी मसाला घ्यायला हवा होता असं वाटलं असेल, तर तीच या प्रकारातली दुसरी मोठी चूक. बाहेरचं ज्ञान तक्त्यात घुसतं, आणि ते इतकं सहज वाटतं की आपण कधी फुली मारली हे कळतही नाही. चांगला कोडंकार मुद्दाम अशी नावं आणि गावं निवडतो.

चूक उशिरा दिसणं हा या प्रकाराचा दोष आहे, म्हणून तो चौथ्या पायरीवर. तोड अशी: प्रत्येक खुणेशेजारी ती कोणत्या सूत्रावरून आली त्याचा बारीक क्रमांक लिहायचा. बिघडलं तर सगळं न खोडता त्या धाग्याने मागे जाता येतं. तीन गोष्टींचे तीन-तीन पर्याय म्हणजे २७ घरं. चार गोष्टींचे पाच-पाच पर्याय झाले की १५०. मधल्या पायऱ्या चढल्याशिवाय पाच घरं, पाच पाळीव प्राणी आणि झेब्रा कोणाचा, या प्रसिद्ध कोड्याला हात घालू नये. ते १७ डिसेंबर १९६२ रोजी 'लाइफ इंटरनॅशनल'मध्ये छापून आलं होतं. आइनस्टाइनने रचलं, फक्त दोन टक्के लोकांना सुटतं, या ढकललेल्या निरोपांतल्या गोष्टींना कसलाही आधार नाही.

बैठक व्यवस्थेबद्दल थोडक्यात. गोल टेबलाला सुरुवात नसते, म्हणून पहिल्या माणसाला कुठेही बसवा, काही बिघडत नाही. केंद्राकडे तोंड असेल तर प्रत्येकाची उजवी बाजू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला येते, बाहेर तोंड असेल तर काट्यांच्या दिशेला. गोलावर छोटा बाण काढून ठेवला की निम्म्या चुका टळतात.

कायम खरं बोलणारे आणि कायम खोटं बोलणारे लोक ज्या बेटावर राहतात तिथली कोडी वेगळ्या जातीची. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन यांनी १९७०च्या दशकापासून ती घरोघरी नेली. यांत 'समजा' हेच हत्यार. बेटावरचे अ आणि ब हे दोघे भेटले. अ म्हणतो, 'आम्हा दोघांत निदान एक तरी खोटारडा आहे.' समजा अ खोटारडा, तर त्याचं म्हणणं खोटं, म्हणजे दोघांत एकही खोटारडा नाही. पण अ तर खोटारडा धरला होता. जमत नाही. म्हणून अ खरा, आणि म्हणून ब खोटारडा. घोटाळा होतो तो नकारात. अ म्हणाला, 'आम्ही दोघेही खोटारडे आहोत,' तर हे खरा माणूस म्हणूच शकत नाही, म्हणून अ खोटारडा. त्याचं विधान खोटं ठरलं म्हणजे दोघेही खरे, असं नाही. निदान एक खरा, एवढंच. तो ब. 'दोघेही' चा नकार 'एकही नाही' असा करणारी माणसं रोजच्या वादातही दिसतात.

हेच 'समजा' सुडोकूत नवशिक्याने वापरू नये. दोन ओळींच्या कोड्यात समजुतीचा शेवट लगेच दिसतो. ८१ घरांत तो पंधरा घरं पुढे असतो आणि तोवर कुठला आकडा पक्का, कुठला 'समजा'चा, हे कागदावर एकच दिसतं. वापरायचंच असेल तर दुसऱ्या रंगाची पेन्सिल घ्यावी.

याच कारणासाठी माइनस्वीपर मी शिकण्याच्या यादीत धरत नाही. संगणकावरच्या या खेळात उघडलेल्या घरातला आकडा त्याच्या भोवतीच्या घरांत किती सुरुंग आहेत ते सांगतो आणि त्यावरून लपलेले सुरुंग ओळखायचे. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून तो घरोघरी पोहोचला, पण बऱ्याचदा शेवटी दोन घरं उरतात, सुरुंग एकातच असतो आणि कोणत्यात हे सांगायला काहीच नसतं. बोट ठेवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. तरी त्यातली एक जागा मात्र बघण्यासारखी आहे. सरळ भिंतीला लागून १-२-१ असे आकडे ओळीने आले की प्रत्येकासमोर एक बंद घर असतं. २ च्या बरोबर समोर सुरुंग असता तर त्याच एका सुरुंगाने दोन्ही बाजूंचे १ भागले असते, मग त्यांच्या समोरच्या घरांत सुरुंग असू शकले नसते, आणि २ ला मिळाला असता एकच. म्हणून २ समोरचं घर बिनधास्त उघडायचं आणि दोन्ही १ समोर झेंडे रोवायचे.